ऑनलाइन बुद्धिबळ: खातं उघडण्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत

बुद्धिबळाचं ॲप फोनमध्ये घ्यायला दोन मिनिटं लागतात आणि समोर खेळाडू मिळायला पाच सेकंद. नवशिक्यांचं गणित तिथेच बिघडतं. समोरचा इतक्या पटकन मिळतो की हरलेल्या डावाकडे वळून बघायला कुणी थांबत नाही, लगेच पुढचा डाव. नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीने २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही मोठी स्पर्धा जिंकली, २०२४ मध्ये तो टोरोंटोला कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, खेळला, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या सांघिक स्पर्धेत, सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्यामुळे नाशकात कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत घरोघरी हे ॲप पोचलं. यातले बरेच जण तीन-तीन मिनिटांचे शे-दीडशे डाव हरतात आणि 'हे आपल्याला जमणार नाही' म्हणून ॲप काढून टाकतात. खेळात ते फार कमी नसतात. सुरुवात मात्र चुकीच्या बटणापासून झालेली असते.

घरचे नियम बाजूला ठेवा

आजोबांकडून किंवा गावाकडे शिकलेल्यांना पहिला धक्का इथे बसतो. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, राजाला एकदा घोड्याची अडीच घरं मिळतात, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या पट्टीतला मोहरा होतं. सर्व्हर यातलं काहीच मानत नाही. तिथे आंतरराष्ट्रीय नियम चालतात: प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, राजाला घोडउडी नाही, आणि शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी जो हवा तो करता येतो. पटावर पहिला वजीर असला तरी दुसरा मिळतो.

'ॲपने फसवलं' ही तक्रार बहुतेक वेळा दोन नियमांमुळे येते. पहिला एन पासां. तुमचं पांढरं प्यादं ई५ वर आहे (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा) आणि काळ्याने डी७ वरचं प्यादं दोन घरं उडवून डी५ वर, म्हणजे तुमच्या प्याद्याच्या शेजारी आणून ठेवलं. ते एकच घर सरकलं असतं तर जसं मारलं असतं तसंच तुम्ही ते मारू शकता: तुमचं प्यादं डी६ वर जातं आणि डी५ वरचं उचललं जातं. हा हक्क लगेचच्या एका चालीपुरता असतो, पुढच्या चालीला संपला. नियम माहीत नसेल तर आपलं प्यादं हवेत विरल्यासारखं वाटतं.

दुसरा नियम किल्लेकोटाचा. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं जातो आणि हत्ती उडी मारून राजाच्या पलीकडे बसतो. ॲपमध्ये राजावर बोट ठेवा आणि दोन घरं पलीकडच्या घरावर ठेवा, हत्ती आपोआप येतो. होत नसेल तर ॲप बिघडलेलं नाही. राजा किंवा तो हत्ती आधी एकदा हलून परत आला असेल, राजाला या क्षणी शह असेल, मधे एखादा मोहरा असेल, किंवा राजा ज्या घरावरून जाणार वा ज्या घरात बसणार त्यावर समोरच्याचा मारा असेल, यांपैकी काहीतरी एक. हत्तीवर मारा असला तर चालतं. नेमकं हेच लोक उलटं समजून बसतात.

कोणता सर्व्हर

दोन नावं पुरेशी आहेत, लीचेस आणि चेस डॉट कॉम.

लीचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलं. ते देणग्यांवर चालतं. जाहिरात नाही, पैसे भरून उघडणारी कुलपं नाहीत, कोडी हवी तेवढी आणि डावाचं कॉम्प्युटरकडून विश्लेषणही फुकट. सेटिंगमध्ये भाषा मराठी करता येते, पण आमचं मत विचाराल तर इंग्रजीच ठेवा, कारण पुढे कुठलाही व्हिडिओ बघताना बटणांची इंग्रजी नावंच कानावर येणार आहेत.

चेस डॉट कॉम २००७ पासून आहे. तिथे गर्दी जास्त, दिसायला चकचकीत, धडे आणि बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळाडू, भरपूर. फुकट खात्यावर मात्र कोडी आणि डावाचा 'गेम रिव्ह्यू' मोजूनमापून मिळतात, जास्त हवं तर वर्गणी. पहिल्या सहा महिन्यांत वर्गणी भरण्याची गरज कुणालाही नाही. मित्रमंडळी तिथे असतील तर तिथे खेळा, डाव तपासायला लीचेस वापरा. डावाच्या चालींची यादी, म्हणजे पीजीएन, कॉपी करून लीचेसच्या 'इम्पोर्ट गेम' मध्ये चिकटवली की काम झालं.

'जिंका आणि पैसे मिळवा' म्हणणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथे नवशिका हा गिऱ्हाईक असतो.

खातं उघडताना

ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून नको. मग ईमेल, पासवर्ड, वापरकर्त्याचं नाव. हे नाव विचार करून ठेवा, लीचेसवर ते नंतर बदलता येत नाही, फार तर अक्षरं लहान-मोठी करता येतात. मुलाचं खातं असेल तर नावात आडनाव, शाळा, जन्मसाल काहीही नको. ईमेलवर आलेल्या दुव्यावर टिचकी मारून खातं पक्कं करा. मेल दिसत नसेल तर स्पॅममध्ये पडलेला असतो.

चेस डॉट कॉम सुरुवातीला तुमची पातळी विचारतं. 'न्यू टू चेस' निवडलंत तर रेटिंग, म्हणजे तुमच्या ताकदीचा आकडा, ४०० पासून सुरू होतं, 'बिगिनर' म्हणालात तर ८०० पासून. संकोच न करता पहिला पर्याय निवडा. उगाच वरचा निवडला तर पहिले दहा-बारा डाव फक्त मार खाण्यात जातात. लीचेस असं काही विचारत नाही, तिथे प्रत्येकाला १५०० ने सुरुवात, त्याबद्दल पुढे.

पाल्याचं खातं लीचेसवर असेल तर सेटिंगमध्ये 'किड मोड' चालू करा. त्याने संदेश आणि गप्पा बंद होतात, खेळ तसाच राहतो.

पहिल्या डावाआधीची सेटिंग

इथे दहा मिनिटं घालवा. बऱ्याच जणांचे पहिले वीस डाव अकलेपेक्षा बोटामुळे जातात.

मोहरा हलवायच्या दोन पद्धती आहेत: बोटाने ओढत न्यायचा, किंवा आधी मोहऱ्यावर आणि मग घरावर टिचकी. दोन्ही चालू ठेवायची सोय असते, पण फोनवर फक्त टिचकीची निवडा. ओढताना बोट घराच्या रेषेवर सुटतं आणि ई४ ऐवजी ई३ होतं. स्क्रीनवरची काच चिरलेली असेल किंवा हात मिसळीच्या तर्रीचा असेल तर विचारूच नका. चाल एकदा झाली की परत घेता येत नाही. 'टेकबॅक' मागता येतो, समोरच्याने द्यायला हवा, आणि तो बहुधा देत नाही.

'मूव्ह कन्फर्मेशन' म्हणजे चाल पक्की करायचं जादा बटण. सावकाश डावांपुरतं ते सुरुवातीला चालू ठेवायला हरकत नाही. 'रिझाइन' आणि बरोबरीच्या प्रस्तावाला खात्रीचा प्रश्न विचारला जाईल असं करून ठेवा, नाहीतर खिशात फोन टाकताना डाव सोडल्याची नोंद होते. पटाच्या कडेची अक्षरं-आकडे, म्हणजे 'कोऑर्डिनेट्स', दिसू द्या. जाता येईल अशी घरं ठिपक्यांनी दाखवायची सोयही पहिला महिना असू द्या.

'प्रीमूव्ह' बंद करा. समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली चाल ठरवून ठेवायची ही सोय घाईच्या डावांसाठी आहे. नवशिक्याच्या हातात ती वजीर दान करायचं यंत्र होते. प्याद्याचा आपोआप वजीर होऊ द्यायचा की विचारायचं, हाही पर्याय असतो. तिथे 'विचारा' ठेवा. का, ते पुढे कोंडीच्या भागात कळेल.

चालींच्या यादीत मोहऱ्यांची इंग्रजी अक्षरं दिसतात: राजा 'के', वजीर 'क्यू', हत्ती 'आर', उंट 'बी'. घोडा 'एन', कारण 'के' राजाने आधीच घेतला. प्याद्याला अक्षर नाही, नुसतं घर लिहितात.

घड्याळ: सगळ्यात महत्त्वाचं बटण

'१०+५' याचा अर्थ प्रत्येकाला दहा मिनिटं आणि प्रत्येक चालीनंतर पाच सेकंदांची भर. लीचेस चाळीस चालींचा डाव धरून हिशोब करतं: मूळ वेळ अधिक चाळीस गुणिले भर. तीन मिनिटांच्या आत बुलेट, आठच्या आत ब्लिट्झ, पंचवीसच्या आत रॅपिड, त्यापुढे क्लासिकल.

नवीन माणसाने १५+१० खेळावं. चाळीस चालींच्या डावात एकेकाला पंधरा मिनिटं अधिक चारशे सेकंद, म्हणजे साधारण पावणेबावीस मिनिटं मिळतात. दोघांची मिळून फार तर पाऊण तासाची बैठक. तेवढा वेळ नसेल तर १०+५. त्याखाली नको.

१०+० पेक्षा १०+५ का चांगलं? भर नसलेल्या डावात जिंकत आलेला माणूस शेवटी घड्याळात हरतो. वजीर जास्त, हत्ती जास्त, पण सेकंद तीन. मात कशी करायची ते शिकायची वेळ येते तेव्हाच वेळ संपलेली असते. पाच सेकंदांची भर असली की एकटा राजा कोपऱ्यात ढकलण्याचा सराव खऱ्या डावात होतो.

बुलेट आणि तीन मिनिटांचे डाव वाईट नाहीत, मोठे खेळाडू ते खेळतातच. पण त्यांच्या डोक्यात हजारो आकृत्या आधीच बसलेल्या असतात, त्या ते नुसत्या आठवतात. ज्याच्याकडे आठवायला काही नाही तो तीन मिनिटांत फक्त अंदाज मारतो, आणि त्या अंदाजाची सवय पक्की होते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांना सलग पाऊण तास मिळणं अवघड असतं. त्यांच्यासाठी 'कॉरस्पॉन्डन्स' किंवा 'डेली' हा प्रकार आहे: एका चालीला एक, दोन किंवा तीन दिवस. चहाच्या सुट्टीत दोन चाली, घरी आल्यावर एक. यात ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची, पुस्तकं उघडून बघायला परवानगी असते, चाली सुचवणारं कॉम्प्युटर इंजिन मात्र यातही चालत नाही.

माणसाआधी बॉट

नियम ताजे असतील तर आधी लीचेसच्या 'लर्न' विभागातले धडे पूर्ण करा, चिन्हं गोळा करत मोहरे फिरवायचे असतात, दोन संध्याकाळी पुरतात. मग कॉम्प्युटरशी. लीचेसवर स्टॉकफिश या इंजिनच्या आठ पातळ्या आहेत, पहिलीपासून सुरू करा. चेस डॉट कॉमवर मार्टिन नावाचा २५० रेटिंगचा बॉट आहे, तो मोहरे अक्षरशः वाटत सुटतो. पहिल्या पातळीला सलग तीनदा मात दिलीत की माणसांकडे वळा. बॉटशी महिनोन्महिने खेळत बसू नका. सोपे बॉट मधेच अचूक चाल खेळतात आणि मधेच हत्ती फुकट देतात, माणूस तसा चुकत नाही.

माणसांशी खेळताना पहिल्याच आठवड्यात तुमच्यावर एक हल्ला होणार, हे लिहून ठेवा. तुम्ही काळे आहात. पांढऱ्याने ई४ खेळलं, तुम्ही ई५. त्याने वजीर थेट एच५ वर आणला. आता वजिराला हुसकावायचा मोह होऊन जी६ खेळाल तर तो ई५ वरचं प्यादं मारून शह देईल, आणि त्याच चालीत एच८ वरच्या हत्तीवरही मारा असेल. हत्ती गेला. म्हणून आधी घोडा सी६ वर आणून ई५ चं प्यादं राखा. तो उंट सी४ वर आणेल. आता वजीर आणि उंट दोघांची नजर एफ७ वर आहे. इथे गाफीलपणे दुसरा घोडा एफ६ वर आणलात तर वजीर एफ७ वर, मात, डाव चार चालींत संपला. जी६ खेळायची वेळ ही आहे. वजीर मागे एफ३ वर जाईल, एफ७ वर पुन्हा डोळा ठेवून, तेव्हा घोडा एफ६ वर. हल्ला संपला, तुमचे दोन मोहरे बाहेर आले आणि त्याच्या वजिराने दोन चाली वाया घालवल्या. हा क्रम खऱ्या पटावर चार-पाच वेळा हाताने खेळून बघा, मग रेटिंगच्या खालच्या भागातली अर्धी भीती जाते.

स्वतः हा हल्ला करू नका. पहिले काही डाव फुकट मिळतात, पुढे तो चालत नाही आणि दुसरं काही शिकलेलं नसतं.

डाव नेमके कशाने जातात

ओपनिंगने नाही. हजाराच्या खालच्या रेटिंगचे डाव फुकट दिलेल्या मोहऱ्यांनी जातात. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९ ही किंमत पाठ असू द्या आणि समोरची चाल आली की स्वतःची चाल सुचायच्या आधी तीन गोष्टी बघा: तो पुढच्या चालीला शह देऊ शकतो का, काही मारू शकतो का, या चालीने त्याने कशाला धमकावलंय का. मग आपली चाल ठरवा आणि बोट टेकवायच्या आधी एकदा बघा की ज्या घरात चाललोय तिथे ते मोहरं कुणी खाणार नाही ना, आणि ते मोहरं आतापर्यंत जे राखत होतं ते उघडं पडत नाही ना. हा शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. घोडा पुढे गेल्याच्या आनंदात मागचं प्यादं जातं.

सुरुवातीच्या दहा चालींसाठी एवढंच: मधल्या घरात एक-दोन प्यादी, घोडे-उंट बाहेर, किल्लेकोट, आणि एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवायचा नाही. ओपनिंगची नावं नंतर.

दुसरी मोठी गळती म्हणजे कोंडी, इंग्रजीत स्टेलमेट. समोरच्याला शह नाही पण चालायला एकही घर नाही, की डाव बरोबरीत. जिंकलेला डाव अर्ध्या गुणावर येतो आणि चूक ठरलेली असते. समजा काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात एकटा आहे आणि तुम्ही वजीर जी६ वर ठेवलात. जी८, जी७, एच७ तिन्ही घरं वजिराच्या माऱ्यात, राजाला शह मात्र नाही. कोंडी. तुमचा राजा कुठेही असो.

गंमत अशी की एकट्या राजाला कडेला ढकलायची पद्धतच 'वजीर त्याच्यापासून घोड्याच्या चालीवर ठेवत जा' ही आहे, आणि तीच कोपऱ्यात घात करते. म्हणून राजा कडेच्या पट्टीत शिरला की वजिराने त्याचा पाठलाग थांबवायचा. वजीर जी५ वर उभा करा: काळा राजा एच८ आणि एच७ एवढ्या दोनच घरांत येरझाऱ्या घालतो, त्याला चाल उरते म्हणून कोंडी होत नाही. तोवर स्वतःचा राजा चालवत एफ७ वर आणा. मग वजीर जी७ वर, मात. काळा राजा दोन्हीपैकी कुठल्याही घरात असला तरी हीच मात बसते. ज्या घरातून वजिराने मात दिली ते घर तुमच्या राजाने राखलेलं आहे, म्हणून काळ्याला वजीर मारता येत नाही.

आता प्याद्याच्या बढतीचं: कधी कधी नवा वजीर झाल्या झाल्या कोंडी होते, तिथे हत्ती घेतला की डाव जिंकतो. म्हणून 'आपोआप वजीर' नको.

तुमची वेळ संपली पण समोर फक्त एकटा राजा उरलाय, तर तुम्ही हरत नाही, बरोबरी होते. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही, तरी बरोबरी मागता येते.

नेट, लाईट आणि कसारा घाट

बुद्धिबळाला डेटा नगण्य लागतो, एक चाल म्हणजे काही अक्षरं. वेगापेक्षा सलगपणा महत्त्वाचा. कनेक्शन तुटलं तरी तुमचं घड्याळ चालूच राहतं, आणि ठरावीक सेकंद तुम्ही परत आला नाहीत तर समोरच्याला विजय मागायची मुभा मिळते. सर्व्हर तुमची अडचण विचारत नाही.

पावसाळ्यात लाईट गेली की राउटर बंद होतो आणि फोन वायफायवरून मोबाइल डेटावर उडी मारतो. ती उडी काही सेकंद खाते, ॲप अडकल्यासारखं दिसतं. घाबरून 'रिझाइन' दाबू नका, ॲप बंद करून पुन्हा उघडा, डाव तिथेच असतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, नियमित खेळणाऱ्याने तो घ्यावाच.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना खेळणारे पुष्कळ. नाशिकरोड ते इगतपुरी ठीक. इगतपुरी सोडल्यावर घाटातले बोगदे लागतात, तिथे रेटेड डाव, म्हणजे ज्याने रेटिंग बदलतं तो, सुरू करू नका. त्या टप्प्यात कोडी सोडवा, ती तुटली तरी घड्याळ नसतं. कसारा उतरला की पुन्हा डाव लावा.

फोन आला तर? ॲप मागे जातं, घड्याळ चालूच. डावाआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर मागे गेलेलं ॲप फोन स्वतःच बंद करतो, तोही डावापुरता काढा.

हे फक्त आपल्यासारख्यांना होतं असं नाही. २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत, ३० ऑगस्टला, इंटरनेट सेवेतल्या बिघाडामुळे भारताच्या निहाल सरीन आणि नागपूरच्या दिव्या देशमुखचं कनेक्शन तुटलं आणि दोघांची घड्याळं संपली. भारताने दाद मागितल्यावर भारत आणि रशिया दोघांना सुवर्ण देण्यात आलं. त्या संघाचा कप्तान विदितच होता. आपल्याला मात्र दाद मागायला कुणी नसतं, तेव्हा सोय आधी करावी.

रेटिंगचा आकडा

लीचेसवर १५०० ने सुरुवात होते आणि आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं. त्याचा अर्थ सर्व्हरला अजून तुमचा अंदाज नाही. पहिल्या काही डावांत आकडा एकेका पराभवाला मोठमोठ्या उड्या घेत खाली येतो, अगदी आठशे-नऊशेपर्यंतही. खूप जण इथे हबकतात. हे घसरणं नव्हे, ती मोजपट्टी लावणं चाललेलं असतं. आकडा स्थिरावला की प्रश्नचिन्ह जातं आणि मग निम्मे डाव जिंकायला, निम्मे हरायला लागता.

दोन सर्व्हरांचे आकडे एकमेकांशी लावू नका, लीचेसचा आकडा या पातळीला जास्तच दिसतो. आणि यातला कुठलाच आकडा फिडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग नाही. फिडेचं रेटिंग प्रत्यक्ष मान्यताप्राप्त स्पर्धेतून मिळतं, आणि मार्च २०२४ पासून ते १४०० च्या खाली नसतं. ऑनलाइन ११०० असलेल्या मुलाच्या फिडे रेटिंगची चौकशी करणाऱ्या काका-मावशींना हे सांगावं लागतं.

लागोपाठ दोन डाव हरलात की त्या दिवशी थांबा. तिसरा डाव खेळावासा वाटतो तो वसुलीसाठी, आणि तो जातोच.

डाव संपल्यावर

पहिल्या महिन्यात आठवड्याला चार-पाच सावकाश डाव पुरे, पण प्रत्येक डाव तपासलेला हवा. आधी इंजिन न लावता डाव सुरुवातीपासून फिरवा आणि कुठे बिघडलं ते स्वतः ठरवा. मग 'रिक्वेस्ट कॉम्प्युटर अॅनालिसिस' दाबा. पटाशेजारचा आकडा प्याद्यांच्या हिशोबात असतो: +१ म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याने पुढे, उणे म्हणजे काळा. ०.३ किंवा ०.५ च्या फरकाकडे लक्षच देऊ नका, ते आपल्या पातळीचं नाही. जिथे आकडा एकदम तीन-चारने पडला तेवढ्याच जागा बघा. तिथे 'ब्लंडर' लिहिलेलं असेल. लीचेसवर 'लर्न फ्रॉम युअर मिस्टेक्स' दाबलं की त्या जागी नेऊन योग्य चाल तुम्हालाच शोधायला लावतात, त्याहून चांगली फुकट शिकवणी नाही.

प्रत्येक डावातली एकच चूक वहीत लिहा: 'घोडा हलवला, डी४ उघडं पडलं.' दहा डावांनंतर वही वाचा. तीच चूक चार-पाच वेळा सापडेल.

कोडी रोज पंधरा मिनिटं, वेळेच्या शर्यतीशिवाय. 'एका चालीत मात', 'फुकटचं मोहरं' आणि 'दुहेरी मारा' एवढे विषय निवडा. लीचेसवरची कोडी तिथल्याच खऱ्या डावांतून काढलेली असतात, त्यामुळे तशाच स्थिती तुमच्या डावातही येतात. अंदाजाने टिचकी मारून कोडं चुकलं आणि उत्तर बघितलं, असं दहा वेळा करण्यापेक्षा एक कोडं पाच मिनिटं बघत बसणं बरं.

कट्ट्यावरची सवय इथे चालत नाही

पारावर डाव रंगला की मागे उभे राहून चाली सांगणारे असतातच. ऑनलाइन रेटेड डावात शेजारून चाल सांगणं ही फसवणूक धरली जाते, मग सांगणारे वडील असोत की दुसऱ्या टॅबमधलं इंजिन. चाली इंजिनशी किती जुळतात आणि प्रत्येक चालीला किती वेळ लागला, हे सर्व्हर तपासतो आणि खातं बंद करतो. बंद झालेल्या खेळाडूकडून तुम्ही गमावलेलं रेटिंग तुम्हाला परतही मिळतं. समोरचा संशयास्पद वाटला तर 'रिपोर्ट' दाबा आणि विषय सोडा. गप्पांच्या चौकटीत शिव्या आल्या तर गप्पा बंद करा. शिकवणाऱ्याला शेजारी बसवायचं असेल तर डाव 'कॅज्युअल', म्हणजे रेटिंग न बदलणारा, लावा आणि बॉटशी किंवा ओळखीच्या माणसाशी खेळा.

हरतोय म्हणून फोन ठेवून निघून जाणं, घड्याळ उगाच चालू ठेवणं, काळे मोहरे आले म्हणून डाव रद्द करत राहणं, याने काही मिनिटांपासून पुढे वाढत जाणारी खेळबंदी लागते. सोडायचा तर सरळ 'रिझाइन' करा. पण पहिल्या महिन्यात डाव सोडूच नका. समोरचाही तुमच्याच पातळीचा आहे, तोही कोंडी करणार आहे.

पुण्याला किंवा परदेशी असलेल्या भावंडाशी खेळायचं तर मित्राशी खेळायच्या पर्यायातून वेळ निवडा, 'कॅज्युअल' ठेवा, दुवा व्हॉट्सॲपवर पाठवा. लीचेसवर समोरच्याचं खातं नसलं तरी डाव लागतो.

पडद्यावरून पटावर

महिन्याभरानंतर शहरातली एखादी शालेय किंवा खुली स्पर्धा खेळून बघावीशी वाटेल. त्याआधी घरात खरा पट मांडून निदान पाच डाव खेळा, कारण सपाट पडद्याला सरावलेल्या डोळ्यांना उभ्या मोहऱ्यांतून उंटाची तिरकी रेषा दिसत नाही. चाल ऑनलाइन आपोआप नोंदली जाते, इथे कागदावर लिहावी लागते आणि घड्याळ हाताने दाबावं लागतं, मोहरा हलवलेल्या त्याच हाताने. नियमबाह्य चाल ॲप होऊच देत नाही, इथे ती होते आणि पंच दंड करतो. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावा: हत्तीला आधी लावलात तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीपुरता गेला. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचल्यावर दुसरा वजीर हाताशी नसेल तर हत्ती उलटा ठेवून 'वजीर' म्हणायची घरची रीत तिथे नको, उलटा हत्ती हत्तीच धरतात. घड्याळ थांबवा आणि पंचाकडून वजीर मागून घ्या.